उडत्या तबकडीच्या पुढे किती? लीडचा अंदाज शिकणाऱ्या नवख्यांसाठी

नळीच्या टोकावरचा मणी बरोबर तबकडीवर होता. घोडा दाबला तेव्हाही तिथेच होता. तरी तबकडी अख्खीच्या अख्खी पलीकडे गेली आणि गवतात पडली. क्ले पिजन, म्हणजे हवेत उडवलेली तबकडी छर्ऱ्यांनी फोडायचा खेळ, शिकायला शॉटगन हातात घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाची पहिली तक्रार हीच असते. खोट बंदुकीत नसते आणि नजरेतही नसते. तबकडी जिथे होती तिथे छर्रे पोचले, पण ते पोचेपर्यंत तबकडी पुढे गेलेली होती. वरातीमागून घोडं, दुसरं काय.

छर्रे आणि तबकडी एकाच क्षणी एकाच जागी यायची तर नळीचं तोंड तबकडीच्या काही अंतर पुढे असावं लागतं. या अंतराला लीड म्हणतात. "नेम" हा शब्द मी इथे मुद्दाम टाळणार आहे. रायफलवाला नेम धरतो, शॉटगनवाला बोट दाखवतो. हा फरक अंगात मुरला नाही तर खाली लिहिलेलं सगळं पाठ करूनही उपयोग नाही.

सुरुवातीलाच सांगतो, हे सगळं रेंजवर आणि प्रशिक्षकाच्या देखत करायचं आहे. डोळ्यांवर चष्मा, कानांवर संरक्षण. आपली पाळी येऊन स्टेशनवर, म्हणजे मारायच्या ठरलेल्या जागेवर, उभं राहिल्याशिवाय काडतूस भरायचं नाही, आणि बाकी सगळा वेळ बंदूक उघडी आणि रिकामी. यात सूट कुणालाच नाही.

पायरी १ : हिशोब एकदाच करा

लीड किती घ्यायचं याचं गणित साधं आहे. छर्रे तबकडीपर्यंत पोचायला जितका वेळ घेतात, तितक्या वेळात तबकडी जितकी सरकते, तितकं लीड.

तबकडी एखाद्या मध्यम चालीने, सेकंदाला २० मीटर वेगाने, तुमच्यासमोरून आडवी चालली आहे आणि तुमच्यापासून २० मीटरवर आहे असं धरू. छर्रे नळीतून सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास वेगाने सुटतात. पण ते हलके आणि गोल असल्यामुळे हवा त्यांना लगेच अडवते. पहिल्या २० मीटरची सरासरी ३३० च्या जवळपास पडते, म्हणजे ते अंतर कापायला सुमारे ०.०६ सेकंद लागतात. तेवढ्यात तबकडी १.२ मीटर पुढे जाते. म्हणजे जवळपास चार फूट.

एक लक्षात घ्या. तबकडीचा व्यास फक्त ११० मिलिमीटर असतो आणि वजन साधारण १०५ ग्रॅम. म्हणजे हे लीड तिच्या रुंदीच्या अकरा पट झालं. मणी तबकडीच्या नाकासमोर धरून "मी पुढे धरलं होतं की!" म्हणणाऱ्याला दहा तबकड्या कमी पडलेल्या असतात.

(नावात क्ले असलं तरी आजच्या तबकडीत मातीचा कण नसतो. चुनखडीची भुकटी आणि डांबरासारखा चिकट पिच यांची ती बनते. म्हणूनच नीट फुटली की काळा धूर झाल्यासारखी दिसते. पिजन हे नाव राहिलं ते आधी जिवंत कबुतरं सोडून नेमबाजी व्हायची म्हणून. १८८० च्या सुमारास अमेरिकेत जॉर्ज लिगोव्स्कीने मातीची चकती आणली, पण ती भाजून इतकी कडक व्हायची की छर्रे लागूनही फुटायची नाही.)

आता तीच तबकडी ४० मीटरवर आहे असं समजा. अंतर दुप्पट झालं, पण छर्रे मंदावत गेल्यामुळे वेळ दुपटीहून जास्त लागतो, ०.१४ सेकंदाच्या आसपास. त्यामुळे लीड २.८ मीटर. हा आकडा ऐकला की नवखा माणूस घाबरतो. घाबरू नका, पुढची पायरी त्यासाठीच आहे.

पायरी २ : मीटर सोडा, बोटं वापरा

हात समोर ताठ करा आणि तर्जनी व मधलं बोट जोडून उभं धरा. २० मीटरवरच्या त्या १.२ मीटर लीडची रुंदी तुमच्या डोळ्याला साधारण या दोन बोटांएवढी दिसते. आणि ४० मीटरवरचं २.८ मीटर? फार तर सव्वादोन ते अडीच बोटं. मीटरमध्ये लीड दुपटीच्या वर गेलं, पण बंदूक वळवायचा कोन जेमतेम वाढला, कारण लांबची वस्तू त्याच प्रमाणात लहान दिसते.

नळीच्या टोकाशी हेच अंतर केवढं असतं बघा. टोक डोळ्यापासून साधारण एक मीटरवर असतं. तिथे पहिल्या तबकडीचं लीड सहा सेंटीमीटर भरतं आणि दुसऱ्या तबकडीचं सात. इतकाच फरक. म्हणून मीटर-फुटांचे तक्ते पाठ करण्यापेक्षा डोळ्याला "एवढं मोकळं आकाश" अशी सवय लावणं सोपं जातं. अनुभवी माणसं एकमेकांना "चार फूट" सांगतात, पण त्यांच्या डोळ्यांपुढे फूटपट्टी नसते, आकाशाचा एक तुकडा असतो.

छर्रे काही एका रेषेत जात नाहीत. २० मीटरवर मोकळ्या चोकमधून (चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेली आवळ) त्यांचा कामाचा पसारा पाऊण मीटरच्या आसपास होतो. म्हणजे एका वितीने पुढेमागे झालं तरी तबकडी फुटते. सेंटीमीटरचा हट्ट धरायचं कारणच नाही.

पायरी ३ : प्रबळ डोळा कोणता ते तपासा

ही पायरी लोक उडी मारून पुढे जातात आणि नंतर सहा महिने लीड शोधत बसतात.

दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या एखाद्या खांबाकडे बोट दाखवा. आता डावा डोळा मिटा. बोट खांबावरच राहिलं तर उजवा डोळा प्रबळ. बोट बाजूला उडी मारल्यासारखं दिसलं तर डावा. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा उजवा डोळा प्रबळ असेल तर प्रश्नच मिटला.

डावा असेल तर काय होतं? शॉटगनला मागचा साइट, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी असलेली रोख धरायची खूण, नसतो. मागच्या साइटचं काम तुमचा डोळाच करतो. बंदूक उजव्या डोळ्याखाली आणि बघणारा डावा, म्हणजे मागचा साइट सहा-साडेसहा सेंटीमीटर डावीकडे सरकला. वरचा हिशोब आठवा, नळीच्या टोकाशी सहा सेंटीमीटर म्हणजे एक पुरं लीड! छर्रे तबकडीच्या डावीकडे सव्वा मीटरवरून जातात. मग उजवीकडून डावीकडे जाणारी तबकडी कधीकधी नुसती तिच्यावर बंदूक धरूनही फुटते, आणि डावीकडून उजवीकडे जाणारी काही केल्या फुटत नाही. एका दिशेच्या तबकड्या सरसकट चुकत असतील तर आधी डोळा तपासा, लीड नंतर बघू. यावर साधा उपाय म्हणजे चष्म्याच्या डाव्या काचेवर, बरोबर त्या डोळ्यासमोर येईल अशी, अर्धपारदर्शक चिकटपट्टीची छोटी टिकली लावायची. डाव्या खांद्यावरून शिकायला सुरुवात करणं हा पक्का उपाय, पण तो पहिल्याच महिन्यात केलेला बरा.

याच ओघात गाल. बंदूक आधी गालाला, मग खांद्याला. गाल दस्त्यावरून सुटला की मागचा साइट वर गेला, आणि मग छर्रेही वरून जातात.

पायरी ४ : मारण्याआधी तबकडी वाचा

पाळी येण्याआधी एक तबकडी न मारता नुसती बघायला मिळाली तर ती गप्पा मारत घालवू नका. तीन जागा मनात पक्क्या करा.

पहिली म्हणजे फोडायची जागा. वाटेवर तबकडी सगळ्यात स्पष्ट दिसते आणि वेग टिकवून सरळ जात असते ती जागा. त्या जागेकडे तोंड करून उभे राहा, पुढच्या पायावर किंचित भार द्या आणि मग कमरेतून मागे वळा. पाय तबकडी सुटते त्या यंत्राकडे करून उभं राहिलात तर ऐन मोक्याच्या वेळी कंबर अडते, बंदूक मंदावते आणि तुम्ही मागे पडता.

दुसरी, नजरेची जागा. यंत्रातून सुटल्यावर तबकडी आधी नुसती एक रेघ दिसते, थोड्या अंतरावर तिची तबकडी होते. नजर त्या थोड्या पुढच्या जागी ठेवायची, यंत्राच्या तोंडाशी नाही.

तिसरी, बंदूक धरायची जागा. ही या दोन्हींच्या मधे येते. यंत्रापासून फोडायच्या जागेपर्यंतच्या वाटेवर साधारण एक तृतीयांशावर, आणि वाटेच्या जरा खाली, म्हणजे नळीआड तबकडी लपणार नाही. बंदूक फार मागे धरली तर तबकडी सुसाट पुढे निघून जाते आणि तुम्ही तिच्यामागे धावत सुटता. फार पुढे धरली तर वाट बघत थांबता, आणि थांबलेली बंदूक हा या खेळातला सगळ्यात मोठा शत्रू आहे.

तो का, हे आकड्यात सांगतो. मेंदू "आता" म्हणतो तेव्हापासून बोट दाबलं जाईपर्यंत सेकंदाचे दीड-दोन दशांश जातात. आपल्या तबकडीच्या वेगाने ते तीन-चार मीटर होतात. छर्ऱ्यांच्या प्रवासासाठी लागणारं लीड फक्त १.२ मीटर होतं! म्हणजे पुढची जागा कितीही अचूक हेरली, पण तिथे बंदूक स्थिर करून घोडा दाबला, तर लीडच्या अडीच-तीन पट चूक निव्वळ थांबण्यामुळे होते. बंदूक तबकडीबरोबर चालत असेल तर हा उशीर आपोआप भरून निघतो. लीड थोडं कमीजास्त असलेलं चालेल, थांबलेलं चालणार नाही.

पायरी ५ : तीनपैकी एक रीत निवडा

लीड घ्यायच्या तीन रीती आहेत. तिन्ही बरोबर आहेत. तिन्ही एकाच दिवशी वापरून पाहणं मात्र बरोबर नाही.

सस्टेन्ड लीड : बंदूक सुरुवातीपासूनच तबकडीच्या पुढे असते, तिच्याच वेगाने चालते, मधलं अंतर कायम राखते, आणि चालता चालता घोडा दाबला जातो. इथे डोळ्याला पूर्ण १.२ मीटर दिसावं लागतं. तबकड्यांची वाट आणि वेग दरवेळी तेच असतात त्या स्कीट या प्रकारात (त्याची ओळख पायरी ६ मध्ये) ही रीत चांगली बसते.

स्विंग थ्रू : बंदूक तबकडीच्या मागून निघते, तिच्याहून जास्त वेगाने तिला गाठते, ओलांडते, आणि ओलांडून पुढे मोकळं आकाश दिसताक्षणी घोडा दाबायचा. तबकडीची वाट नीट कळत नसेल तर ही रीत सोयीची, कारण बंदूक तबकडीच्याच वाटेवरून येते.

पुल अवे : बंदूक तबकडीवर येते, क्षणभर तिच्याबरोबर चालते, मग तिला सोडून पुढे निघते आणि घोडा दाबला जातो. नवख्याने सुरुवात याने करावी असं माझं मत आहे. "बरोबर चालणं" या एका टप्प्यामुळे हाताला तबकडीचा वेग कळतो, आणि नंतर फक्त थोडं पुढे निघायचं राहतं. काही प्रशिक्षक याच्या अगदी उलट सांगतील. तुमचा प्रशिक्षक जे सांगेल ते धरा आणि निदान चार-पाचशे काडतुसं तरी त्यावरच राहा.

आता एक कोडं. एकाच स्टेशनवर, एकाच तबकडीला दोन पटाईत नेमबाज मारतात. एकाला विचारलं तर तो "चार फूट" म्हणतो, दुसरा म्हणतो "छे, एक फूट पुरे". खोटं कोण बोलतंय? कुणीच नाही. दुसरा स्विंग थ्रूने मारतो. त्याची बंदूक तबकडीपेक्षा समजा पाव पट जास्त वेगाने चालली आहे, म्हणजे सेकंदाला पाच मीटर जास्त. मेंदूपासून बोटापर्यंतच्या ०.१८ सेकंदात ती आणखी ०.९ मीटर पुढे जाते. उरलेले ०.३ मीटर, म्हणजे एक फूट, तेवढं त्याला दिसतं. छर्रे दोघांचेही चार फूट पुढेच गेले. म्हणून कुणालाही "किती लीड घेता?" विचारताना आधी "कुठल्या रीतीने?" हे विचारा. माझे पहिले दोन महिने याच गोंधळात गेले. ज्याला विचारावं त्याचा आकडा निराळा, आणि मी दर रविवारी नवा आकडा घेऊन उभा.

पायरी ६ : कोन ओळखा

वरचे सगळे आकडे काटकोनात आडव्या जाणाऱ्या तबकडीचे आहेत. तबकडी तिरपी, म्हणजे थोडी तुमच्याकडे येणारी किंवा थोडी दूर जाणारी असेल तर लीड कमी लागतं. तिची वाट आणि तुमची नळी यांच्यातला कोन जितका लहान, तितकं कमी.

४५ अंशांत तिरपी असेल तर निम्मं लीड पुरेल असं बहुतेकांना वाटतं. पुरत नाही. तिथे पूर्ण लीडच्या ७० टक्के लागतं. निम्मं लागतं ते ३० अंशांवर. १५ अंशांनाही पावभर लीड लागतंच. त्या दूर जाणाऱ्या, सरळ वाटणाऱ्या तबकड्या चुकतात त्या याच पावभरामुळे. आणि ६० अंशांवरची तबकडी तर आडवी समजूनच मारावी, फरक फार नाही.

हे सगळे कोन एकाच मैदानावर मिळावेत म्हणूनच तर स्कीट जन्माला आलं. १९२० च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स डेव्हिस या शिकाऱ्याने पक्षी मारायच्या सरावासाठी घड्याळाच्या तबकडीसारखं गोल मैदान आखलं होतं. शेजारी कोंबड्यांचा व्यवसाय सुरू झाला, तिकडे छर्रे जाऊ लागले, म्हणून मग गोलाचा अर्धगोल झाला. आज दोन टोकांना दोन घरं असतात. उंच घरातून तबकडी ३.०५ मीटरवरून सुटते, खालच्या घरातून १.०७ मीटरवरून, आणि मारणारा आठ स्टेशनांवरून फिरत जातो. चौथं स्टेशन बरोबर मधलं, दोन्ही तबकड्या तिथून पुऱ्या आडव्या. लीड शिकायला यापेक्षा चांगली शाळा नाही.

पायरी ७ : सोप्याकडून अवघडाकडे

पहिल्या दिवशी चौथ्या स्टेशनवर जाऊ नका. सातव्या स्टेशनवर उभं राहून खालच्या घराची तबकडी घ्या. ती जवळजवळ सरळ तुमच्यापासून दूर जाते आणि लीड लागतच नाही. इथे शिकायचं ते फक्त गाल, खांदा आणि नजर. मग पहिल्या स्टेशनवर खालच्या घराची, तुमच्याकडे येणारी तबकडी. ती येते म्हणून घाई सुटते, पण ती जवळ आल्यावर मोठी दिसते, वेळही भरपूर मिळतो. नंतर दुसरं आणि सहावं, मग तिसरं आणि पाचवं, आणि शेवटी चौथं. एका जागी दहापैकी सहा-सात फुटायला लागल्याशिवाय पुढे सरकू नका.

ट्रॅप या दुसऱ्या प्रकारातल्या तबकड्या समोरच्या खंदकातून सुटून दूर जातात. तिथे लीड कमी, पण तबकडी चढत असते, आणि छर्रे पोचेपर्यंत आणखी चढलेली असते. त्यामुळे बंदूक तिला ओलांडून वर जाता जाता सुटली पाहिजे. तिरप्या जाणाऱ्या तबकडीला हीच गोष्ट चढत्या तिरप्या वाटेवर. नवख्यांनी ट्रॅपने सुरुवात करावी की स्कीटने यावर लोक तासन्‌तास भांडतात. लीड समजून घ्यायचं असेल तर स्कीट, एवढंच मी म्हणेन.

पायरी ८ : डोळे तबकडीवर, मोजमाप नाही

सगळ्यात कठीण पायरी ही. आत्तापर्यंत एवढे आकडे सांगितले आणि आता म्हणतो की "पुल" (तबकडी सोडायला सांगणारी हाक) म्हटल्यावर ते विसरा.

चौथं स्टेशन. तुम्ही "पुल" म्हणता. डावीकडच्या घरात यंत्राचा हात खट्‌कन सुटतो, नारिंगी रेघ उमटते, तिची तबकडी होते. नजर तिच्या पुढच्या कडेवर. कमरेतून वळायला लागता, दस्ता गालाला टेकतो, नळी नजरेच्या कोपऱ्यात धूसर, तबकडीच्या पुढे. सगळं ठीक चाललेलं असतं. आणि मग मनात येतं, "पुरेसं आहे का?" ते तपासायला नजर तबकडीवरून निघून नळीच्या मण्यावर येते. बस. ज्या क्षणी डोळ्याने मणी स्पष्ट पाहिला, त्या क्षणी हात थांबतो, कारण हात नेहमी नजरेच्या मागे जातात. आवाज होतो, तबकडी पुढे निघून जाते.

लीड नजरेच्या कडेने जाणवतं, सरळ बघून मोजता येत नाही. पळत्या माणसाकडे चेंडू फेकताना तुम्ही त्याच्याकडे बघता आणि चेंडू त्याच्या पुढे टाकता, अंतर मोजत नाही. इथेही तसंच. तबकडीवरची वर्तुळं, तिची चमक, पुढची कड, जे काही बारीक दिसेल ते बघा. नळी धूसरच राहू द्या.

आणि घोडा दाबल्यावरही वळत राहा. तबकडी फुटलेली बघायला मान वर उचलली की गाल सुटतो, हात थबकतो. तुकडे खाली पडेपर्यंत गाल दस्त्याला, बंदूक चालती.

पायरी ९ : का चुकली ते ओळखा

नवख्यांच्या बहुतेक चुका मागे पडण्याच्या असतात. पुढून चुकणं फार क्वचित. यावर विश्वास बसत नाही, कारण आपल्याला तर "भरपूर पुढे" दिसलेलं असतं.

आमच्या प्रशिक्षकांची एक युक्ती होती. मी सलग सात तबकड्या चुकवल्या. ते माझ्या खांद्यामागून बघत होते, दरवेळी एकच शब्द, "मागे." आठव्याच्या आधी वैतागून म्हणालो, "सर, याहून पुढे धरलं तर पुढूनच चुकेल." ते म्हणाले, "मग चुकव ना. पुढून चुकवून दाखव मला एकदा." मी चिडून, अगदी वेड्यासारखं पुढे धरून मारलं. तबकडीचा धूर झाला. नववीला त्याहूनही पुढे धरलं, तिचाही धूर. पुढून चुकायला मला आणखी तीन तबकड्या लागल्या. त्या दिवशी कळलं की माझं "फार पुढे" आणि तबकडीचं "पुरेसं" यांत केवढी दरी होती.

तुम्हीही हेच करा. एखाद्या स्टेशनवर अडलात तर लीड चिमूटभर वाढवू नका, दुप्पट करा. फुटली तर उत्तम. पुढून चुकली तर निदान दोन टोकं हाती आली, आता मधलं शोधता येईल. चिमूटचिमूट वाढवत गेलात तर अख्खा डबा मागेच संपतो.

फुटलेली तबकडीही बोलते. मागच्या कडेचा टवका उडाला आणि बाकी तबकडी तशीच पुढे गेली तर तुम्ही जेमतेम पोचलात, लीड वाढवा. पुढचा टवका उडाला तर थोडं जास्त झालं, जे शिकताना अगदी चांगलं लक्षण आहे. वरचा टवका उडाला तर गाल बघा.

सारखा काडतुसाला दोष देणारे लोक तुम्हाला भेटतील. "जास्त वेगाचं घे, लीड कमी लागेल." हिशोब करून बघा. सेकंदाला ४०० च्या जागी ४२५ मीटर वेगाचं काडतूस घेतलं तर २० मीटरवर लीडमध्ये पाच-सहा सेंटीमीटरांचा फरक पडतो, म्हणजे अर्धी तबकडी. वाढतो तो मुख्यतः खांद्याला बसणारा धक्का. एकच काडतूस धरा आणि तेच वापरा.

पायरी १० : फसवणाऱ्या तबकड्या

स्कीट जमायला लागलं की कुणीतरी स्पोर्टिंगच्या, म्हणजे निरनिराळ्या आकाराच्या आणि वाटांच्या तबकड्यांच्या, मैदानावर नेतं आणि गर्व उतरतो. तिथे ९० मिलिमीटरची मिडी आणि ६० मिलिमीटरची मिनी असते. मिनी लहान म्हणून लांब आणि वेगवान वाटते, माणूस भलतंच लीड घेतो. खरं म्हणजे ती तुमच्या वाटण्यापेक्षा जवळ असते.

वेग संपून खाली येणाऱ्या तबकडीला लीड पुढेही लागतं आणि खालीही. पुढचं सगळ्यांना आठवतं, खालचं कुणालाच नाही. नळी तबकडीच्या पुढच्या-खालच्या कोपऱ्यात न्या. सरळ वर उडणारी तबकडी माथ्यावर पोचली की क्षणभर थबकते. तिथे मारली तर लीड शून्य, म्हणून थांबा, वर जाताना मागे धावू नका. जमिनीवरून घरंगळणारी रॅबिट सपाट जमिनीवर असल्यामुळे फार वेगात वाटते आणि लोक तिला पुढून चुकवतात. नवखा पुढून चुकतो अशी ही विरळा जागा. समोरून वारा असला की दूर जाणारी तबकडी उचलली जाते, मागून असला की दबते. वाऱ्याच्या दिवशी आधी चार तबकड्या नुसत्या बघा.

काडतुसांशिवायचा सराव

घरी करता येईल असा एकच सराव सांगतो, पण तो रोज करावा. बंदूक रिकामी आहे हे दोनदा तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि खोलीत कुणी नसू द्या. भिंत आणि छत जिथे मिळतात ती आडवी रेघ म्हणजे तबकडीची वाट. एका कोपऱ्याजवळ नजर ठेवा, बंदूक कमरेपाशी. मनात "पुल" म्हणा, बंदूक गालाला आणा आणि नळी रेघेवरून एका लयीत दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत न्या. नळी रेघेवरून वरखाली होता कामा नये. नजर नळीच्या थोडी मागे, रेघेवर, जिथे तबकडी असती तिथे. मणी स्पष्ट दिसला तर ती फेरी बाद. दोन्ही दिशांना दहा-दहा फेऱ्या, आणि जी दिशा जड जाते तिकडे पाच जास्त. हात भरून आले की थांबा, थकलेल्या हातांची बंदूक रेघेच्या शेवटी खाली पडायला लागते.